प्रिंटर मुका झाला

पीकविम्याचा अर्ज छापायच्या ऐन दिवशी पाहुण्याचा पाय केबलीत अडकला आणि आमचा प्रिंटर फरफटत टेबलाच्या कडेला आला. दिवा लागत होता, झेरॉक्सही निघत होती. पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नव्हता. ‘बोर्ड गेला,’ असं घरात ठरूनही गेलं.

प्रिंटरच्या मागच्या चौकोनी यूएसबी पोर्टात चारच वायरी येतात. लाल 5 व्होल्टची, काळी ग्राउंडची, पांढरी आणि हिरवी माहितीच्या. हिरवीवर प्रिंटर दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे 3.3 व्होल्ट ठेवतो. तेवढ्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दारात कुणी आलंय; मग पांढरी-हिरवी मिळून ओळखपाळख होते. म्हणून केबल बदलूनही ‘डिव्हाइस ओळखता येत नाही’ असंच दिसलं, तर हिरवी बहुधा शाबूत असते, पहिला संशय पांढरीवर घ्यावा. आमच्यासारखं काहीच दिसलं नाही, तर हिरवीवर किंवा लालवर.

लातुरात गंजगोलाईजवळच्या मेकॅनिकने बोर्ड काढून भिंगाखाली धरला. पोर्टाच्या पत्र्याचे दोन जाड पाय ओढ सोसायला असतात. ते बोर्डातून निखळले होते, सगळा भार चार बारीक पिनांवर आला होता आणि हिरव्या वायरीच्या पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसत होती. याला ही मंडळी ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

दुरुस्ती म्हणजे थेट कल्हईचं शास्त्र. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो, त्यातून सुटणारं हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खातं, तेव्हा कुठे कथील धरतं. इथेही तेच, फक्त नवसागराऐवजी राळेचा फ्लक्स. नवसागर उरला तर ओल धरून बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा कुरतडतो. कथील 232 अंशांना वितळतं. 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं मिसळून केलेलं सोल्डर, म्हणजे डाग द्यायचा धातू, 183लाच. तरी सोल्डरिंगचं टोक 350च्या आसपास तापवावं लागतं, कारण पत्र्याचे पाय ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेले असतात आणि ते तांबं उष्णता पिऊन टाकतं. घाई केली तर डाग वरवर बसतो, महिन्याभरात पुन्हा चीर. पुन्हा पुन्हा तापवलं तर तांबंच बोर्डावरून उचकटतं. हे घरी करायचं, तर आधी पिन भिंतीतून काढावी. पॉवर सप्लायमधला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर त्यानंतरही काही वेळ झटका देऊ शकतो.

नवं पोर्ट बसलं, अर्ज छापून झाला. केबल आता सुतळीने टेबलाच्या पायाला बांधली आहे. पुढच्या पाहुण्याने ओढायचंच ठरवलं, तर आधी टेबल ओढावं.