‘एचआयव्ही म्हटल्यावर माणूस खचणारच’ हा समज खोटा आहे

‘एवढा मोठा आजार, मग मन उदास राहणारच, त्याला काय औषध?’ हे वाक्य नातेवाईक वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत. ते खरं नाही, आणि त्यापायी उपचार होऊ शकणारी माणसं विनाउपचार राहतात.

रिपोर्ट कळल्यावर धक्का बसतो, रडू येतं, हे साहजिकच आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, तर ते नैराश्य असू शकतं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये ते इतरांपेक्षा जास्त आढळतं. तरी ते बरं होतं: समुपदेशनानं, गरज पडली तर गोळ्यांनी. या गोळ्या एआरटीसोबत, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांसोबत, घेता येतात. फक्त काही औषधं एकमेकांना बाधतात, म्हणून एचआयव्हीच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा.

कधी कारण एचआयव्हीच्या औषधातही असतं. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या इफाविरेंझमुळे काहींना भयंकर स्वप्नं पडत, मन खिन्न होई. आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली गोळी मिळते; तिनंही कुणाची झोप उडते. अशा वेळी गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. नैराश्यात डोस चुकतात, डोस चुकले की विषाणू वाढतो, म्हणून मनाचा उपचार हा एचआयव्हीच्या उपचाराचाच भाग आहे.

सरकारी एआरटी केंद्रात समुपदेशक असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा.