नव्या चेनसॉच्या पहिल्या पाच टाक्या

मे 2021 मधल्या तौक्ते वादळाने आमच्या परसातला फणस मुळासकट आडवा केला. एका माणसाच्या कवेत न मावणारा बुंधा, आणि तोही अशा जागी की तिथे ट्रक सोडा, टेम्पोही पोचत नाही. ओंडका वखारीत नेता येईना, म्हणून फळ्या जागेवरच पाडायच्या ठरल्या. पूर्वी हे काम दोन माणसं मोठ्या करवतीने करत, एक जण वर आणि एक खाली. आम्ही चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घेतली आणि तिच्या बारला (ज्या लांब पट्टीभोवती साखळी फिरते तिला) बसवायची अलास्कन मिल नावाची चौकट. ही चौकट ओंडक्यावरून सरकते आणि फळीची जाडी सारखी ठेवते.

यंत्र घरी आलं त्या दिवशी मदतीला आलेला मिस्त्री म्हणाला, “भाऊ, आधी तासभर नुसती चालू ठेवा. इंजिन मोकळं होऊ दे.”

हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आलोय. स्कूटरला, पंपाला, सगळ्यांना हाच. तो मनापासून दिलेला असतो, पण चुकीचा आहे. का चुकीचा, ते कळायला सिलिंडरच्या नळीत वर-खाली होणाऱ्या पिस्टनवरच्या कड्याकडे, म्हणजे रिंगेकडे, जरा जवळून बघावं लागतं.

सिलिंडरची आतली भिंत नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसते. भिंगाखाली तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. ती कारखान्यात मुद्दाम काढलेली असते, तिच्यात तेल धरून राहावं म्हणून. बऱ्याच चांगल्या यंत्रांत या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो, तो अतिशय कठीण. त्यामुळे झिजायचं असतं ते मुख्यतः रिंगेने. नव्या रिंगेची कड भिंतीला सगळीकडे सारखी टेकत नाही. तिचे सूक्ष्म उंचवटे घासून गेले की ती नीट बसते आणि ज्वलनाचा वायू खाली निसटायचा थांबतो. यालाच आपण ‘रिंगा बसल्या’ म्हणतो.

आता ही रिंग भिंतीवर दाबतं कोण? थोडा दाब तिच्या स्वतःच्या ताणाचा. पण मोठा दाब वायूचा असतो. ठिणगी पडली की तापलेला वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला आतून बाहेर ढकलतो. इंजिनावर भार जास्त तेवढा हा दाब जास्त. नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनात दाब नावापुरता असतो. रिंग तेलावरून घसरत राहते, उंचवटे घासले जात नाहीत आणि भाजलेल्या तेलाचा चकाकता थर भिंतीवर चढू लागतो. तासभर इंजिन चालवून पेट्रोल जळतं आणि रिंग होती तिथेच राहते.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेरीला ठिणगी पडणारं, आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. या सिलिंडरच्या भिंतीतच वायू आत-बाहेर जायची दारं असतात. रिंग गोल फिरली तर तिची उघडी टोकं त्या दारात अडकून तुटतील, म्हणून खाचेत एक बारीक खिळी असते, ती रिंगेला फिरू देत नाही. त्यामुळे रिंगेचा प्रत्येक बिंदू आयुष्यभर भिंतीच्या त्याच पट्टीवरून वर-खाली करतो. मिनिटाला 9,000 फेऱ्या धरल्या तर सेकंदाला 150 वेळा.

म्हणजे भार हवाच. पण फळ्या पाडणं हा या यंत्राला सगळ्यात मोठा भार. फांदी आडवी कापायला दहा-वीस सेकंद लागतात आणि मग इंजिनाला उसंत मिळते. अडीच मीटरची फळी पाडताना मात्र थ्रॉटल पूर्ण दाबून कित्येक मिनिटं सलग कापावं लागतं. पिस्टन अॅल्युमिनियमचा. 50 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 100 अंशांनी जास्त तापला तर जवळपास 0.1 मिलिमीटर फुगतो. सिलिंडरही फुगतो, पण त्याला बाहेरून पातळ पात्या आणि पंख्याचा वारा आहे, तो थंड राहतो. दोघांमधली फट केसाएवढी. ती मिटली की पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून आम्ही पेट्रोलच्या पहिल्या पाच टाक्या फणसाच्या फांद्या आडव्या कापण्यात घालवल्या. भार पुरेपूर, पण तुकड्या-तुकड्यांनी. प्रत्येक कापानंतर अर्धा मिनिट इंजिन मंद चालू ठेवायचं, म्हणजे पंखा उष्णता ओढून नेतो.

इथे पेट्रोलचं बोलायलाच हवं. या इंजिनात वेगळं तेल नसतं, वंगण येतं ते पेट्रोलमधूनच. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली. फळ्यांच्या कामासाठी काही जण 25 मिली घालतात. इंधन कमी गेलं तर वंगणही कमी आणि थंडावाही कमी, कारण इंधनाची वाफ होताना इंजिनाची उष्णता शोषली जाते. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच हवेला ते जास्त प्रमाणात लागतं. साध्या पेट्रोलवर लावलेला कार्बोरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) असं पेट्रोल आलं की आपोआप कमी इंधन देणारा ठरतो. अनेक कंपन्या 10 टक्क्यांपुढे जाऊ नका असं पुस्तिकेत लिहितात. ती पुस्तिका वाचाच, आणि स्वतः मिश्रण सांभाळणारं यंत्र नसेल तर जाणकाराकडून ट्यूनिंग करून घ्या.

ट्यूनिंग बरोबर आहे की नाही हे कानाला कळतं. भार नसताना पूर्ण थ्रॉटलला आवाजात किंचित अडखळती गुरगुर हवी, आणि लाकडाला दाते लागले की ती मिटून आवाज स्वच्छ व्हायला हवा. मोकळ्या हवेतच आवाज तीक्ष्ण, कर्कश येत असेल तर इंधन कमी पडतंय. कानावर मफ असूनही हा फरक कळतो, आणि मफ लागतातच, हे यंत्र 100 डेसिबलच्या वर ओरडतं.

चेनही मुरावी लागते. लांब बारच्या चेनमध्ये दोनशेच्या वर रिव्हेट. प्रत्येक सांधा 0.01 मिलिमीटर सैलावला तरी चेन दोन मिलिमीटरने वाढते. म्हणून पहिल्या दिवशी सारखा ताण बघायचा. तापलेल्या चेनला ताण दिला असेल तर काम संपल्यावर सैल करायची, नाहीतर थंड होताना ती आकसून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ओढ आणते.

दात्यांचा कोनही वेगळा. लाकूड म्हणजे हिरांची जुडी समजा. आडव्या कापात दाता एकेक हीर मधून तोडतो. अलास्कन मिलवर तो जुडीच्या कापलेल्या टोकांवरून आडवा फिरतो. म्हणून नेहमीच्या 30 अंशांऐवजी कानशीने सुमारे 10 अंशांची धार लावतात, पृष्ठभाग गुळगुळीत येतो. आजच्या दात्याचा आकार अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला 1946 मध्ये सुचला. ओंडका पोखरणारी भुंग्याची अळी डावीकडे-उजवीकडे जबडे चालवत लाकूड कुरतडते, ते पाहून.

टोकं कापल्यामुळे भुसा पिठासारखा बारीक पडतो, आणि भरपूर. अर्धा मीटर रुंद, अडीच मीटर लांब, 8 मिलिमीटरचा काप, म्हणजे दर फळीमागे 10 लिटर लाकडाची भुकटी. ती एअर फिल्टरवर बसते. हवा कमी झाली की इंजिन जड चालतं, आणि तेव्हाच बरेच जण कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंधन कमी करतात. संध्याकाळी फिल्टर साफ होतो, हवा पूर्ण येते, इंधन मात्र कमीच राहतं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फळीला पिस्टन पकडतो. ओळखीच्या एका बागायतदाराचं यंत्र असंच गेलं, आठवड्याच्या आत.

सहाव्या टाकीला आम्ही चौकट चढवली. पहिली फळी उचलली तेव्हा आतलं लाकूड हळदीसारखं पिवळंधम्मक होतं. थंड झाल्यावर ठिणगीचा प्लग काढून पाहिला. टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं, म्हणजे मिश्रण बरोबर. मिस्त्रीने तो बोटांत फिरवला, परत बसवला आणि दुसऱ्या फळीची खूण ओंडक्यावर आखायला घेतली.