दंतेतर दातदुखी

दात निरोगी असूनही दातात जाणवणारी वेदना. हिचे मूळ चर्वणस्नायू, मज्जातंतू, सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, रक्तवाहिन्या, क्वचित हृदयातही असते. ते न ओळखल्यास आधी रूट कॅनाल होते, मग दाढ निघते आणि दुखणे शेजारच्या दाढेत मुक्काम हलवते.

दात, सायनस आणि चर्वणस्नायू यांच्या संवेदना मुख्यतः ट्रायजेमिनल म्हणजे त्रिशाखी मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. मेंदूच्या खोडात त्या एकत्र येत असल्याने वेदनेचा उगम कुठला, हे ठरवताना मेंदू फसतो. गालाचा ताणलेला स्नायू म्हणूनच दाढेतून बोलतो. संशयित दात बधिर करून पाहणे ही इथली सर्वांत उपयुक्त साधी चाचणी. दात बधिर होऊनही दुखणे तसेच राहिले, तर उगम बहुधा दुसरीकडे असतो.

रुग्ण कोणता शब्द वापरतो, हेही ऐकण्यासारखे असते; ठणका, सणक आणि आग मराठीत एक नव्हेत. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या त्रिशाखी मज्जातंतूच्या विकाराची सणक विजेच्या झटक्यासारखी, बहुधा एकाच बाजूला येते आणि जास्तीत जास्त २ मिनिटे टिकते. दात घासणे, तोंड धुणे, वाऱ्याची झुळूक एवढेही तिला पुरते. साध्या वेदनाशामकांना ती दाद देत नाही. कार्बामाझेपीन या फेफऱ्यावरच्या औषधाने बहुतेकदा आटोक्यात येते. मज्जातंतूवर रक्तवाहिनी वा गाठ दाबते आहे का, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचे आवरण बिघडवणारा आजार आहे का, हे एमआरआयने पाहतात.

वाकल्यावर वरच्या दाढा दुखल्या तर सायनसचा, जेवताना जबड्याखाली फुगले तर लाळग्रंथीतल्या खड्याचा संशय घ्यावा. नागिणीत पुरळ उठण्याआधीच चेहरा दुखू लागतो.

दोन कारणांत उशीर परवडत नाही. जिना चढताना जबडा दुखून विसाव्याने थांबत असेल, तर हृदय तपासावे. विसाव्यानेही थांबले नाही, तर तातडीने रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर घास चावता चावता जबडा भरून येणे आणि कानशील दुखणे ही जायंट सेल आर्टेरायटिस या धमनीदाहाची लक्षणे असू शकतात. यात दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून दाट संशय असल्यास बायोप्सीच्या निकालासाठी न थांबता स्टिरॉइड सुरू करतात.

तोंडाची आग होते, पण आत काहीच दिसत नाही, अशा तक्रारीत लोह, ब-१२, मधुमेह, कोरडे तोंड आणि बुरशी तपासल्यावरच ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ हे निदान करतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.