सांत्वन (मराठी ख्रिस्ती परंपरा)

शोकाने, अपराधभावाने किंवा अपमानाने खचलेल्या मनाला ईश्वराच्या सान्निध्यात मिळणारा आधार आणि त्या आधारातून पुढे येणारा आनंद, अशा दुहेरी अर्थाने ‘सांत्वन’ ही संज्ञा ख्रिस्ती धर्मविचारात योजली जाते. रोजच्या मराठीत सांत्वन म्हणजे दुःखाच्या प्रसंगी घरी जाऊन बोललेले चार धीराचे शब्द. ख्रिस्ती वापरात मात्र हा शब्द एका भेटीपुरता उरत नाही. माणसाच्या उरलेल्या आयुष्याची दिशा बदलणारी घटना असे त्याचे रूप होते. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी आलेल्या मूळ ग्रीक शब्दाला प्रचलित मराठी भाषांतराने ‘कैवारी’ हा प्रतिशब्द दिला आहे. भक्ताची बाजू घेऊन उभ्या राहणाऱ्या देवासाठी मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द आधीपासूनच होता, त्यामुळे ही निवड फार समर्पक ठरली.

या कल्पनेचा पाया बायबलमध्ये आहे, आणि तेथे ती दुःखाला वळसा घालून येत नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची मानली जातात. ‘किती काळ?’ असा देवालाच जाब विचारणारी ही स्तोत्रे बहुधा शेवटी विश्वासाच्या उद्गाराकडे वळतात. परंतु ८८वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात जपले गेले. डोंगरावरील प्रवचनात येशूने शोक करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, तर लाजर या आपल्या मित्राच्या थडग्याशी तो स्वतः रडला, असे योहान नोंदवतो. दुसरीकडे, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे सुप्रसिद्ध वचन ज्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे, ते येशूचा प्रेषित पौल याने बंदिवासातून लिहिले. म्हणूनच या परंपरेत आनंद आणि सुख हे समानार्थी शब्द नाहीत. सुख परिस्थितीवर अवलंबून असते. आनंद हा पवित्र आत्म्याच्या फळांपैकी एक मानला जातो आणि तो परिस्थिती प्रतिकूल असतानाही संभवतो, असे ही परंपरा सांगते.

मंडळीच्या जीवनात सांत्वनाचे मार्ग अनेक आहेत. कॅथलिक पंथात पापांगीकार (पापांची कबुली) आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावणे) हे संस्कार त्यासाठी आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकांच्या गृहभेटी, उपास-प्रार्थना आणि ‘साक्ष’ देण्याची प्रथा यांना अधिक महत्त्व आहे. साक्ष म्हणजे स्वतःच्या आयुष्यातील मोडतोड आणि तिच्यातून झालेली सुटका चारचौघांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगणे. ज्याला आपले दुःख आजवर कोणासमोर उच्चारता आले नव्हते, त्याला ते अर्थपूर्ण कथेच्या रूपात मांडता येणे, हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

महाराष्ट्रात या कल्पनेला सर्वांत ठळक रूप मिळाले ते पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात व कार्यात. रमाबाईंच्या आयुष्यातील मृत्यूंची नुसती मोजदाद केली तरी मन हबकते. १८७०च्या दशकातील दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण तीर्थाटन करता करताच उपासमारीने व आजाराने गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचाही मृत्यू झाला. वयाची चोविशी पूर्ण होण्याआधी त्या विधवा झाल्या होत्या आणि पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाकडे, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या संघाकडे, त्यांचा मुक्काम होता. या संघाच्या भगिनी फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत. तेथे त्या स्त्रियांना दिली जाणारी ममतेची वागणूक रमाबाईंनी पाहिली. असे का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी (यहुदी ज्यांच्याशी व्यवहार टाळीत त्या शोमरोन प्रांतातील) स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ज्या स्त्रीशी कोणी बोलू नये अशी रीत, तिच्याशी येशू बोलतो आणि तिच्यापाशी पाणी मागतो, या प्रसंगाने आपल्या मनाची पकड घेतली, असे त्यांनी पुढे लिहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तथापि, बाप्तिस्म्याने त्यांच्या मनाला लगेच शांती लाभली नाही, आणि हे त्यांनी स्वतःच विलक्षण प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात दिली आहे. तो अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१च्या सुमारास आला. तोवर त्या अमेरिकेत जाऊन आल्या होत्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन (विधवांसाठीचे निवासी विद्यालय) उघडून ते पुढल्या वर्षी पुण्याला नेले होते, आणि त्यांचे नाव देशोदेशी पोहोचले होते. विदुषीचा मान आणि कार्याचे यश पदरी असूनही आत कुठेतरी रिते राहिलेले मन कशाने भरले, याचे त्यांनी दिलेले उत्तर साधे आहे : आपण आहोत तशाच स्वीकारलेल्या आहोत, पुण्यसंचयाने ही पात्रता मिळवावी लागत नाही, हे उमगल्याने. व्रते, उपवास आणि तीर्थयात्रा यांत ज्यांचे सारे बालपण गेले आणि त्या यात्रांतच ज्यांचे कुटुंब संपले, त्यांच्या दृष्टीने या उत्तराचे वजन किती असेल, हे निराळे सांगायला नको.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांची सोय दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे, आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर करावी लागली. तेथेच १८९८ मध्ये ‘मुक्ती’ ही संस्था रीतसर उभी राहिली. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या सुमारे २,०००वर गेली. आलेल्या मुलींपैकी कित्येकींचे शरीर इतके खंगले होते की त्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्या मनावरचे घाव वेगळेच होते : डोळ्यांदेखत गेलेले आईबाप, विकले जाणे, वाटेवर भोगावे लागलेले अत्याचार. स्वतः रमाबाईंनी हीच भूक पंचवीस वर्षांपूर्वी सोसली होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की देव आपले सांत्वन करतो ते आपण इतरांचे सांत्वन करावे म्हणून. मुक्तीचा सारा इतिहास या एका वाक्याचा विस्तार म्हणून वाचता येतो.

मुक्तीतील सांत्वनाची रीत केवळ प्रार्थनेची नव्हती, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. हातमाग, तेलाचा घाणा, शेती, दुभती जनावरे, शिवणकाम आणि छापखाना हे सारे तेथे बायकाच चालवीत. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाई. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, आणि त्यात फुलहॅमची आठवण स्पष्ट दिसते. अक्षर, हुन्नर, नियमित जेवण, निजायला सुरक्षित जागा आणि रोजची उपासना यांची ही वीण होती. यातला एखादा धागा काढून घेतला असता तर उरलेले कितपत टिकले असते, याची शंका येते. भेदरलेल्या मुलीला ‘देव तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य पटायचे असेल, तर तिला उद्याही भाकर मिळणार आहे, हे आधी पटावे लागते.

१९०५ मध्ये मुक्तीत जे घडले त्याला ‘आत्मिक जागृती’ म्हणतात. वेल्समध्ये १९०४ पासून आणि मग आजच्या मेघालयातील खासी टेकड्यांत पसरलेल्या जागृतीच्या वार्ता केडगावला येत होत्या. जानेवारी १९०५ पासून मुलींचा एक गट रोज प्रार्थनेसाठी जमू लागला आणि जूनपर्यंत तो काही शेकड्यांवर गेला. २९ जूनच्या रात्री मुलींच्या निजण्याच्या खोलीत या जागृतीला तोंड फुटले. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय शिकवीत असता मुली मोठ्याने रडू आणि प्रार्थना करू लागल्या. वर्ग थांबले, आणि पुढले कित्येक दिवस प्रथम आक्रोश, पापांची कबुली आणि एकमेकींची क्षमायाचना, आणि त्यानंतर टाळ्या, गाणी व नाचणे असा क्रम दिसत राहिला. शेकडो जणी एकाच वेळी आपापली प्रार्थना मोठ्याने करीत. काही मिशनऱ्यांना हा भावनांचा अतिरेक वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे की देवाने भारतीय माणसाला जो स्वभाव दिला आहे त्याला साजेशा रीतीने ही जागृती व्यक्त व्हावी. तिला परदेशी शिष्टाचाराच्या चौकटीत कोंबू नये. कीर्तन-पुराणांच्या वातावरणात वाढलेल्या स्त्रीचा हा निर्वाळा होता. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले रडू आधी बाहेर आले आणि हसू त्याच्या मागून आले, ही या घटनेतील सर्वांत बोलकी गोष्ट होय. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात मुक्तीतील जागृतीला आज स्वतंत्र स्थान दिले जाते.

रमाबाईंच्या कार्यावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो येथे नोंदवणे आवश्यक आहे. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे आश्वासन होते. तेथील विधवा मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसू लागल्यावर १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. जी व्यक्ती अन्न आणि छप्पर यांसाठी आपल्यावर अवलंबून आहे, तिने स्वीकारलेला विश्वास कितपत स्वतंत्र असतो, हा त्यामागचा प्रश्न खरा आहे. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्या समाजाने त्या मुलींसाठी दुसरे दार उघडले होते का, असेही विचारावे लागते. बाळविधवांच्या कोंडमाऱ्याचे चित्र बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत कितीतरी आधी रेखाटले होते.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यामुळे या परंपरेला तिची मराठी गाण्याची वाणी मिळाली. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गृहस्थाने दिलेला नवा करार वाचताना ते डोंगरावरील प्रवचनाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि त्यांच्या अभंगांत व भजनांत त्याचा प्रत्यय येतो. देवाला माउली म्हणणे, त्याच्याशी भांडणे, रुसणे आणि अखेर त्याच्या पायाशी विसावणे ही वारकरी भावावस्था त्यांनी ख्रिस्ताच्या ठायी नेली. त्यांच्याआधीच अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तन रुजले होते. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. मयताच्या घरी, जेव्हा कोणालाच बोलायला शब्द सुचत नाहीत, तेव्हा ही पदेच म्हटली जातात.

टिळकांच्या धर्मांतराची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. पतीला आनंद देणाऱ्या त्याच घटनेने त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आणि काही वर्षे त्यांना वेगळे राहावे लागले. त्यांचे मन पालटले ते सावकाश, सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ सोडवत; जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, देवाने नव्हे, हे मनाशी पक्के झाल्यावर. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती सांत्वनाच्या मराठी इतिहासात हे वारंवार दिसते : नवा विश्वास एक जखम भरतो आणि त्याच वेळी माहेर, जात, गाव यांपासून तोडून दुसरी जखम करतो. त्यामुळे मंडळीलाच कुटुंब व्हावे लागले. नगर जिल्ह्यात व मराठवाड्यात ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांच्या बाबतीत सांत्वनाचा अर्थ प्रथम सन्मान असा होता, म्हणजे शाळेत बसायला मिळणे आणि एकाच प्रभुभोजनात (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीत) सहभागी होणे. जातीची दरी मंडळ्यांतूनही पूर्णपणे मिटली नाही, आणि जिथे ती राहिली तिथे हा शब्दही तेवढाच अपुरा पडला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १९६७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी कॅथलिक करिष्मॅटिक चळवळ भारतात पोहोचली, आणि भूतकाळातील दुखऱ्या आठवणी प्रार्थनेत उघड करून त्यांवर उपचार मागण्याची ‘आंतरिक आरोग्या’ची पद्धत मुंबई-वसईच्या प्रार्थनागटांतही परिचित झाली. मानसशास्त्राने या अनुभवांचा अभ्यास करताना एक उपयुक्त भेद केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगमेंट यांच्या मांडणीनुसार, देव आपल्या सोबत आहे या भावनेने संकटाला सामोरे जाणे मनाला बळ देते. उलट, हे संकट म्हणजे देवाने केलेली शिक्षा आहे किंवा त्याने आपल्याला टाकले आहे ही भावना मनाला अधिक खचवते. यावरून एक इशारा निघतो. नैराश्य हा आजार आहे. त्याने ग्रासलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे म्हणणे हे सांत्वन नव्हे, तर सांत्वनाच्या नेमके उलट आहे. प्रार्थना आणि औषधोपचार यांत निवड करायला लावणारा उपदेशक विलापस्तोत्रे विसरलेला असतो.

२४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाईंचे निधन झाले. ज्या मुलीला कार्य सोपवायचे तीच आधी गेली. त्रेसष्ट वर्षांच्या रमाबाईंच्या वाट्याला शेवटचा आणि बहुधा सर्वांत कठीण शोक आला. त्या काळात त्यांच्या हाती एकच मोठे काम उरले होते. बायबलचे मराठी भाषांतर खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजत नाही, हे पाहून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून ते सोप्या मराठीत नव्याने करायला घेतले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या या कामात होत्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत, दुष्काळातून आणलेल्या मुलींचे हातही होते.