सुपरचार्जरची पुली बदलणे

सुपरचार्जर, म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर, असलेल्या मोटारीत कंपनीने दिलेली पुली काढून तिच्या जागी कमी व्यासाची पुली बसवण्याला बोलीत ‘पुली बदलणे’ म्हणतात. पुली लहान झाली की पट्ट्याच्या त्याच वेगाला ब्लोअर जास्त वेगाने फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. त्या हवेच्या जोडीने जास्त इंधन जळते आणि ताकद वाढते. पिठाच्या गिरणीवर पट्टा फिरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व नवे नाही. मोटरकडची पुली तशीच ठेवून जात्याकडची लहान केली, तर जाते जोरात फिरते.

या कामाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मिनी कूपर एस, तिच्या चाहत्यांच्या भाषेत आर५३. ही हॅचबॅक २००२ ते २००६ या काळात विकली गेली. मोटार इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला जुळवली जाई, पण तिचे १.६ लिटरचे चार सिलिंडरी ट्रायटेक इंजिन ब्राझीलमधल्या काम्पो लार्गोहून येई. त्याला ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर जोडलेला होता. मूळ ताकद १६३ अश्वशक्ती, २००४ च्या सुधारणेनंतर १७०. मिनीची ताकद वाढवणारे भाग देणाऱ्या जॉन कूपर वर्क्सच्या अधिकृत संचात ११ टक्के लहान पुली आणि बदललेले सिलिंडर हेड मिळे. म्हणजे ही युक्ती गॅरेजवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही, ती कंपनीच्या घरचीच आहे.

एम४५ हा रूट्स जातीचा ब्लोअर आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. दोन पाकळीदार रोटर एकमेकांना न शिवता उलट दिशांनी फिरतात आणि पाकळ्यांच्या पोकळीत अडकलेली हवा पलीकडे ढकलतात. एका फेऱ्यात किती हवा जाणार हे ठरलेले असते. नावातले ४५ म्हणजे ४५ घनइंच, साधारण पाऊण लिटर. इंजिन स्वतः एका फेऱ्यात ०.८ लिटर हवा घेते आणि ब्लोअर त्याच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो. म्हणजे कागदावर ०.८ लिटरच्या जागेत दीड लिटर हवा येते. या दाटीवाटीलाच बूस्ट म्हणतात.

आता हिशेब. पुलीचा व्यास १५ टक्के कमी केला, तर वेग १५ टक्के नव्हे, जवळपास १७.६ टक्के वाढतो, कारण १ ला ०.८५ ने भागावे लागते. १७ टक्के कमी केला तर वाढ २०.५ टक्के, १९ टक्क्यांना २३.५. पुली जितकी लहान, तितका पुढचा प्रत्येक टक्का महाग. १५ टक्क्यांच्या पुलीवर इंजिन लाल रेषेजवळ, म्हणजे मिनिटाला ६,७५० फेऱ्यांना पोचते तेव्हा रोटर १६ हजारांच्या आसपास फिरत असतात.

खरी अडचण उष्णतेची आहे, आणि पुलीच्या जाहिरातींत नेमकी तीच गाळलेली असते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते, तेच इथे घडते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली, तर अगदी आदर्श यंत्रातही ती ९६ अंशांपर्यंत जाते. रूट्स ब्लोअर आदर्शापासून बराच दूर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तापमान त्याच्याही वर जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून मीटरवर बूस्ट वाढलेला दिसतो पण सिलिंडरमध्ये प्राणवायू त्या प्रमाणात वाढलेला नसतो. शिवाय गरम हवेने नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याचा, धोका वाढतो आणि संगणक स्फुलिंग उशिरा देऊन स्वतःच ताकद कापतो. दाबलेली हवा थंड करणारा मिनीचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटवरच्या हवेच्या खाचेखाली बसवलेला आहे. गाडी पळत असताना तो बरा थंड होतो. सिग्नलला थांबली की तो तापलेल्या इंजिनावर नुसता पडून असतो. त्यात ब्लोअर फिरवायला लागणारी ताकद इंजिनातूनच जाते आणि वेगाबरोबर तीही वाढते. १९ टक्क्यांची पुली आणि मूळचाच इंटरकूलर ही जोडी माझ्या मते चुकीची आहे. त्यापेक्षा १५ टक्क्यांची पुली आणि मोठा इंटरकूलर रोजच्या गाडीला कितीतरी समाधान देतात.

काम दिसते त्यापेक्षा अडचणीचे आहे. उजवे पुढचे चाक आणि आतले प्लॅस्टिकचे अस्तर काढायचे, इंजिनाखाली जॅक देऊन बाजूचे माउंटिंग सोडायचे, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर मागे ओढून पिन घालून अडकवायचा, मग पट्टा सुटतो. पुली मात्र सुटत नाही. तिला बोल्ट नसतो, ती शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते. त्यासाठी पट्ट्याच्या खाचांना सगळीकडून पकडून ओढणारा खास पुलर लागतो. साध्या तीन पायांच्या पुलरने कडा तुटतात, आणि हातोडा मारला तर धक्का थेट आतल्या बेअरिंगला आणि रोटरला बसतो. नवी पुली तापवून, प्रसरण पावलेली असतानाच शाफ्टवर सरकवतात. ती जुन्या पुलीइतक्याच खोलीवर बसली पाहिजे. थोडी जरी पुढेमागे झाली तरी पट्टा तिरका धावतो, किंचाळतो आणि कडेने उसवू लागतो. जुना पट्टा नव्या पुलीला सैल पडतो, म्हणून आखूड पट्टा घ्यावा लागतो.

आर५३ ची एक खासियत इथे विसरून चालत नाही. या गाडीचा पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच दुसऱ्या टोकाला जोडलेला आहे. पुली लहान झाली की पंपही तितकाच जोरात फिरतो. सुपरचार्जरच्या दोन्ही टोकांच्या गिअरना स्वतःचे तेल असते, आणि ते वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ते आटलेले असताना लहान पुली बसवणे म्हणजे गिअर आणि पंप दोन्ही घालवणे. लाखभर किलोमीटर झालेली गाडी असेल तर आधी सुपरचार्जर उतरवून तेल बदलावे, पुलीचा विचार नंतर.

इंधनाचे म्हणाल तर या इंजिनाचा संगणक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब आणि तापमान मोजून पेट्रोल ठरवतो, त्यामुळे माफक वाढ तो सांभाळून घेतो. तरी बहुतेक जण एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, स्पार्क प्लग घालतात आणि संगणकाचे ट्यूनिंग करून घेतात. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल मात्र हवेच.

२००६ नंतरच्या कूपर एस हॅचबॅकमध्ये सुपरचार्जर जाऊन टर्बो आला. टर्बो पट्ट्यावर नाही, धुराड्याच्या वायूवर फिरतो. त्या गाडीत बदलायला पुलीच उरली नाही, बूस्ट वाढवायचा तर संगणकातले आकडे बदलतात.