आजोबांची मोट, नातवाचं बोअर

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात एकाच घरातल्या तीन पिढ्यांना विचारा, पाणी किती खोल? उत्तरं तीन येतील, आणि प्रत्येकाला आपलंच उत्तर स्वाभाविक वाटेल. आजोबांच्या डोळ्यांपुढे बैलांच्या मोटेनं उपसता येणारी विहीर असते. वडिलांसाठी विहीर म्हणजे मोटार बसवायची जागा. नातवाला पाणी बोअरमधून येतं आणि ठिबकच्या नळीतून केळीच्या बुडाशी पडतं, एवढंच ठाऊक. भूजल खाली गेलं हे आजोबांना जाणवतं. नातवाला जाणवणार कसं? तो जन्मला तेव्हापासून पाणी तिथेच आहे.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं 1995 साली हीच गोष्ट समुद्राबद्दल मांडली. संशोधकांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदवारीच्या काळात समुद्रात जेवढे मासे होते तेवढेच मूळचे धरते आणि घट तिथून पुढे मोजते. म्हणजे मोजपट्टीचं शून्यच सरकत राहतं. त्याच सुमारास पीटर कान या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या मुलांशी बोलून पाहिलं. हवेचं प्रदूषण म्हणजे काय हे बऱ्याच जणांना सांगता येत होतं. पण आपल्या शहराची हवा प्रदूषित आहे असं मानणारी मुलं त्या मानानं कमीच होती.

व्याख्या पाठ, पण अंगणातलं दिसत नाही. हे आपल्याकडे नवं नाही. सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता खटल्यात 1991 साली पर्यावरण हा विषय शिक्षणात आणायला सांगितला. प्राथमिक शाळेत 'परिसर अभ्यास' आहे, पुढे पर्यावरणाची प्रकल्पवही आहे. ती वही कशी भरली जाते हे बारावी झालेल्या कुणालाही विचारावं. झेरॉक्सवाला जास्त चांगलं सांगेल. माहिती आणि वागणूक यांचा संबंध तपासणाऱ्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. संबंध आहे, पण बेताचाच, असं त्यात दिसलं. आपल्या हातून काही घडू शकतं हा विश्वास आणि जबाबदारीची भावनाही तेवढीच महत्त्वाची ठरली.

मग वागणूक घडते कुठे? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत माग काढला होता. ज्यांच्या आईला निसर्गाबद्दल आस्था होती आणि जी मुलं लहानपणी घराबाहेर जास्त वेळ होती, ती मोठेपणी पर्यावरणाचा विचार करून वागताना अधिक दिसली. आई स्वतः रोज काय करते, याचा मात्र थेट परिणाम सापडला नाही. संशोधकांनाही हे अपेक्षित नव्हतं. सहाव्या वर्षी मुलांची स्वतःची जी मतं होती, त्यांचाही पुढच्या वागण्याशी संबंध लागला नाही. म्हणजे पहिलीतल्या पोराकडून 'झाडे लावा' घोकून घेण्यात फारसं हशील नसावं.

घराबाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न खान्देशात जरा टोकदार आहे. इथलं पोर कापूस वेचायलाही बाहेरच असतं. 2006 मधल्या एका अमेरिकी पाहणीत प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. रानात भटकणं, खेळणं याचा पुढच्या आस्थेशी असलेला संबंध हा बागेतल्या लागवडीपेक्षा जास्त ठळक निघाला. आठवणींवर आधारलेली पाहणी असल्यामुळे ती थोडी राखूनच घ्यावी. तरी मला ती पटते: ऊन-तणात घाम गाळणाऱ्या पोराला शेत म्हणजे काम, रान म्हणजे मोकळीक.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या गावात ही मोकळीक आणि शिस्त एकत्र दिसते. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीमागे न जाता गावातच राहिले. 1990च्या दशकात गावानं ओसाड झालेल्या डोंगरावर राखण सुरू केली, झाड तोडणाऱ्याला दंड लावला आणि सुमारे 400 हेक्टर जंगल पुन्हा उभं राहिलं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण शिक्षणाच्या दृष्टीनं मला तिथली वनभाज्यांची पाककृती स्पर्धा जास्त मोलाची वाटते. भाजी रांधायची तर आधी ती रानात ओळखावी लागते. कोणतं पान कोवळं असताना खुडायचं, कोणता कंद आंबट घातल्याशिवाय घशाला खाजतो, हे आईमागे फिरणाऱ्या मुलीला आपोआप कळतं. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे होते, हे शाळेनं सांगावं. दोन्ही मिळून धडा पुरा होतो.

पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे सामाईक पाणीवाटपाची जुनी रीत, हीही अशीच एक शाळा होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात एकच पीक, आणि पाणी द्यायचं पाटकऱ्यानं. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे टंचाईत एखादा फड कोरडा ठेवला, तर झळ साऱ्यांना बसे. पाट साफ करायला बापाबरोबर गेलेलं पोर पाणी सामाईक आहे हे तिथंच शिकत असे. बोअर मात्र ज्याचं त्याचं. खाली साठा एकच असतो, पण तो दिसत नाही. त्यामुळे नुसते संस्कार इथं पुरे पडत नाहीत. न दिसणारं दाखवायला मोजमाप लागतं, आणि ते शाळेचं काम आहे.

ते अवघडही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावच्या शाळेनं एक विहीर निवडावी, टेपला वजन बांधून त्याच महिन्यांत मोजावं, सोबतीला गुरुजी असावेत, आणि आकडे शाळेच्या भिंतीवर रंगवावेत. आजोबांना बोलावून त्यांच्या काळच्या पाण्याची खूण विहिरीच्या बांधकामावर दाखवायला सांगावी. मुलं घरी बोलतात, आणि त्याचा परिणाम होतो: अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये शाळेत हवामानबदल शिकलेल्या मुलांमुळे पालकांची काळजी वाढल्याचं 2019 मध्ये दिसलं, आणि त्यात मुलींचा प्रभाव अधिक होता. बापाला ठिबकचा वॉल्व्ह बंद करायला लावायचा असेल, तर लेकीच्या हाती आकडा असलेला बरा. ऑक्टोबर आणि मे यांच्या नोंदींमधला फरक काढायला पाचवीचं गणित पुरतं.