ढेकूण घाणीमुळे होतात?

अनुदानित वसाहतीत ढेकूण-झुरळं झाली की घरमालकाचं उत्तर ठरलेलं: "भाडेकरूच घाण करतात." समज जुना आहे, आणि मालकाच्या सोयीचाही.

ढेकूण खरकट्यावर जगतच नाही. त्याला फक्त रक्त लागतं. पिल्लू मोठं होईपर्यंत 5 वेळा कात टाकतं आणि दर वेळी आधी रक्त पितं. घर कितीही लखलखीत असो, झोपलेला माणूस मिळाला की त्याचं भागतं. जुन्या गादीतून, सामानातून, भिंतीच्या फटीतून तो येतो.

झुरळांना खरकटं आवडतं, हे खरंच. पण गळका नळ, ओल धरलेली भिंत, पाइपभोवतीचं भोक यांची दुरुस्ती कोणी करायची? जर्मन झुरळाच्या (घरात सर्रास दिसणारं छोटं झुरळ) अंड्यांच्या एका पिशवीतून तीसेक पिल्लं निघतात आणि त्याच भोकांतून शेजारी पसरतात. त्यामुळे तक्रार आलेल्या एकाच घरात फवारणी करून मोकळं होणं म्हणजे निव्वळ देखावा. वरची, खालची, दोन्ही बाजूंची घरं तपासायला हवीत, फटी बुजवायला हव्यात, काही आठवड्यांनी पुन्हा पाहायला हवं. शिवाय अनेक ठिकाणचे ढेकूण नेहमीच्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना आता दाद देत नाहीत. भाडेकरूने स्वतः कितीही डबे फवारले तरी.